खांबाजवळ उभी राहिलेली आई

प्रिय नंदा,

चऱ्होलीच्या लग्नाची फिल्म आज दिली. तू अर्धी एडिट करून ठेवलेली, तीच; उरलेली मी कशीबशी जोडली. हे सांगायला मला दुसरं आहे कोण? म्हणून लिहायला बसलो.

काय गं, असं अर्ध्यावर टाकून जातात का? शूटिंग माझं, एडिटिंग तुझं, असंच भोसरीतलं आपलं दुकान चाललं. खालच्या वर्कशॉपला जेवणाची सुट्टी झाली, लेथ थांबले, की तू फिल्मचा आवाज तपासायचीस. अजूनही लेथ थांबले की मी तुझ्या खुर्चीकडे बघतो. फार एकटं वाटतं गं.

त्या नवरीला वडील नव्हते. कन्यादान काका-काकूंनी केलं आणि आई, विधवा म्हणून, मागे खांबाजवळ उभी राहिली. माझा कॅमेरा तिच्यावरून नुसता फिरला होता. तू तेवढाच तुकडा शोधलास आणि ऐन कन्यादानात बसवलास. मुलीच्या हातावर पाणी पडतं, की लगेच आईचा चेहरा! मी म्हटलं, "काकांचे हात दाखव की." तर म्हणालीस, "अहो, हातांनी विधी कळतो. लेक कुणाची चाललीय, ते कसं कळणार?"

शॉट सगळे मीच काढलेले, पण गोष्ट तू सांगायचीस.

तू गेल्यावर कन्यादानाचा भाग त्या काकांना बघायला पाठवला, तर त्यांचा फोन आला. "भाऊ, वहिनीचं तेवढं काढून टाका. शुभकार्यात बरं दिसत न्हाई. गावातली पुढची लग्नं आमीच देनार हाय तुमाला."

काढणं किती सोपं होतं! एक बटण दाबायचं. बोट ठेवलंही होतं. तेवढ्यात पुतण्याची हळद आठवली. तू जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तरी मला सगळ्यांनी ओढून पुढे नेलं, पहिली हळद माझ्याच हातून लावून घेतली. मला कुणी मागे उभं केलं नाही. आणि तुझ्याऐवजी मी गेलो असतो तर? तुला कुठे उभं केलं असतं, नंदा?

बोट काढून घेतलं. चऱ्होलीची लग्नं गेली तर जाऊ देत.

आज फिल्म न्यायला काका आलेच नाहीत. नवरी आली, आईला घेऊन. कन्यादान आलं तशा त्या माउली स्क्रीनच्या अगदी जवळ सरकल्या. "मी हाय व्हय यात?" म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. लेकीने त्यांचा हात धरून ठेवला होता.

उद्यापासून रोज तुझ्या खुर्चीत मीच बसणार आहे. चुकेन, अडखळेन, पण मागे उभ्या राहिलेल्या एकाही बाईला फिल्ममधून काढणार नाही. हा माझा शब्द.

जाताना त्या माउलींनी विचारलं, "कुनी जोडलं हे?" मी म्हटलं, बायकोने. तू नाहीस हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"त्यांना सांगा," म्हणाल्या, "लेकीच्या लग्नात मला उभं केलं म्हनावं."

सांगतो म्हणालो.

तुझाच,
सुधाकर