मोत्याचं अडलेलं पोट

सोलापूर, मंगळवार, सायंकाळ

गिळलेली आंब्याची कोय काढायला माझ्या कुत्र्याचं, मोत्याचं पोट उघडलं, त्याला आज चार दिवस झाले. आतडी अजून सुस्त आहेत, म्हणाले जनावरांचे डॉक्टर. उद्यापर्यंत पोट साफ झालं नाही तर पुन्हा चिरावं लागेल. तो सोसेल? मला नाही वाटत.

दिवसभर शेक दिला, पातळ पेज पाजली, अंगणात फिरवलं. दुपारी पोटाला कान लावला तर बारीक गुरगुर ऐकू आली. तासाभराने पुन्हा लावला, गुरगुर होतीच. मग अडतंय कुठे?

टांगेवाले हसनभाई फाटकातून बघत होते. म्हणाले, "बाई, अंगण घाण केलं की तुमीच छडी उगारत होता की! आता तितंच कर म्हणताय. करंल व्हय ते?"

कॉलेजात मी आतड्यांच्या आकृत्या काढल्या, आणि हे सुचू नये!

हसनभाईंनी त्याला उचलून रस्त्याकडेच्या माळावर ठेवलं. मोत्या थरथरत चार पावलं चालला, थांबला, माझ्याकडे बघत राहिला. मी पाठ फिरवली. तेव्हा कुठे बसला. थोडंच झालं, पण झालं. भर रस्त्यात मी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना लगेच निरोप धाडला आहे.