वैशालीचं धावायचं घड्याळ

सोम. १२-११-०७
फराळाचे डबे अजून रिकामे झाले नाहीत तोच वैशालीने परत तो विषय काढला. पोलीस भरतीला मुलींना तीन किलोमीटर धावायचं असतं. पण आपल्याकडे तीन किलोमीटर म्हणजे कुठून कुठपर्यंत, हेच कुणाला ठाऊक नाही. ह्यांनी स्कूटरच्या मीटरवर मोजून दिलं होतं. मग तो रस्ता खणला. आता कंटेनर उभे असतात, वळसा घालून जावं लागतं.
"आई, अंदाजाने धावून भरती होत नाही."
म्हटलं, बाजारात साधं स्टॉपवॉच मिळतं, ते घे. गप्प बसली. तिचं गप्प बसणं माझ्या भावासारखं. दादाही असाच बसायचा, ताटातलं टोचत.

गुरु. १५-११-०७
ह्यांच्या पॉवरलूमवरच्या मास्तरांचा जावई दुबईला असतो, तो पुढच्या आठवड्यात येतोय. फोनवर त्याने दोन प्रकार सांगितले. एकात बुटाला डबी लावायची, ती पावलांवरून अंतर काढते. दुसऱ्याला म्हणे आकाशातल्या उपग्रहावरून कळतं आपण कुठे आहोत ते. हे दुसरं पुष्कळ महाग.
मी दुसरं म्हणाले.
हे बघतच राहिले. "करवंटी खरवडून खरवडून पांढरी करणारी बाई तू. तू म्हणतेस महागाचं घ्या?"
म्हटलं, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. भिशी लागलीच आहे माझी.
खरं कारण इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. जावई बोलता बोलता म्हणाला, "काकू, कुठून कुठे गेली त्याची रेघपण दिसते त्यात." तिथेच मन अडकलं. पोरगी अंधारात निघते, एकोणिसाव्या वर्षी. रस्त्याला ट्रकवाले, गोडाऊनवरची माणसं.
स्वामी, ह्यात माझं काही चुकलं असेल तर...

रवि. २-१२-०७
घड्याळ आलं. केवढं ते धूड! वैशालीच्या मनगटावर आरतीचं तबक बांधल्यासारखं दिसतं. आधी देवापुढे ठेवलं. हळदकुंकू वाहायला गेले तर ओरडली, "आई, मागे पितळी ठिपके आहेत ना, तिथे नको! चार्जिंग होणार नाही." मग पट्ट्यालाच बोट टेकवलं.
गच्चीत जाऊन उभं राहावं लागतं. वर मोकळं आभाळ लागतं त्याला, छपराखाली काही कळत नाही. ती हात वर करून उभी, हे खालून म्हणतात, "कौल लागला का गं?"
पोरगी किती हसली. पुष्कळ दिवसांनी.
संध्याकाळी मला सगळी बटणं दाखवली. धावलेली वाट रेघेसारखी उमटते. एका जागी उभं राहिलं तर तिथे रेघेचा गुंता होतो, कारण घड्याळाला वाटतं आपण थोडे थोडे हलतोय. "बघ, ही आपली गच्ची," म्हणाली. खरंच, बारीक लोकरीचा गुंडा.
हिशेबात कुठे लिहू? शिक्षण की किरकोळ? शिक्षणात लिहिलं.

बुध. १२-१२-०७
ती आंघोळीला गेली की मी बघते. इंग्रजी थोडंच आहे, मॅट्रिकपर्यंतचं पुरतं.
अंजूरच्या बाजूला जाते. जाताना रेघ सरळ, येताना खाडीवरून वळसा. टोकाला गुंता.
धाप लागली असेल, बसत असेल, असं धरलं.

गुरु. २०-१२-०७
रोज तोच गुंता. त्याच जागी. पाणी प्यायला एवढा वेळ?
सहज विचारलं, "रस्त्यात कुठे थांबतेस का गं?"
"कुठे नाही."
तोंडावर खोटं बोलली. जपात लक्ष लागलं नाही. माळ हातात तशीच फिरत राहिली, मणी कुठला, मन कुठलं.
ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

शुक्र. ४-१-०८
आज जे केलं ते.
वैशाली कॉलेजला जाताना घड्याळ चार्जिंगला ठेवून गेली. मी हातात बांधलं आणि रिक्षा केली. जुनी रेघ समोर ठेवून त्याच वाटेने जाता येतं, बाण दिशा दाखवतो. रिक्षावाल्याचा जीव मेटाकुटीला.
"मौसी, जाना किधर है?"
"सीधा. घड़ी बताएगी."
"घड़ी टाइम बताती है मौसी, पता थोड़ी."
बाण शेवटी एका नवीन रस्त्याला लागला. गोडाऊनच गोडाऊन, पत्र्याच्या उंच भिंती. अंजूर माझं माहेर. मी लहानपणी ह्याच गावच्या बांधांवरून शाळेत गेले, पण तिथे मला पूर्व-पश्चिम कळेना. गेली सहा वर्षं मी गावाकडे फिरकले नाही. शेतं कुठे गेली, खाडीकाठचं खाजण कुठे गेलं. एका गोडाऊनच्या पाठीमागे बाण थांबला. बोळ. पत्र्याचं दार, आतून बंद. दाराबाहेर तारेवर पुरुषाचा बनियन वाळत होता. त्याच्याशेजारी माझ्या हाताने दुमड घातलेला निळा नॅपकिन. वैशालीचा.
पलीकडे दोघे हमाल दात घासत होते. एकाने विचारलं, "किसको ढूंढ रही हो आंटी?"

कडी वाजवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, चार लोकांत तमाशा नको. तशीच फिरले.

शनि. ५-१-०८
रात्री ह्यांना सांगितलं होतं. सकाळी हे दारातच उभे राहिले, "बूट काढ. झाली भरती तेवढी पुरे."
वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी रेघ, गुंता, बनियन, नॅपकिन, सगळं बोलून गेले. कोण आहे तो, विचारलं. वाटलं रडेल, पाया पडेल. तिने पट्टा सोडला, घड्याळ माझ्यापुढे ओट्यावर ठेवलं.
"म्हणजे हे मला धावायला दिलंच नव्हतं."
एवढंच. कोण आहे ते सांगितलं नाही. हे हात उगारून गेले, पण मारलं नाही. त्यांना ते जमत नाही.

मंगळ. १५-१-०८
संक्रांत. तिळगूळ घेतला, गोड बोलली नाही, कडूही नाही. सगळ्या बायकांपुढे वाकून नमस्कार केला. मला सगळ्यांत शेवटी.
घड्याळ कपाटात आहे. परवा टुक टुक वाजलं, मग बंद पडलं.

शुक्र. १-२-०८
भरतीचं बोलावणं आलं, ठाण्याच्या मैदानावर. हे विरघळले, म्हणाले जाऊ दे तिला, फॉर्म भरलाय. मी सोबत जाणार या अटीवर. वैशाली म्हणाली, "आता जाऊन काय करू? महिनाभर पाय हलवला नाही." मी म्हटलं, धाव की गच्चीत. मलाच माझी लाज वाटली. गच्चीत काय मांजर धावतं?

सोम. १८-२-०८
पहाटेच पोहोचलो. केवढ्या मुली, कुठून कुठून आलेल्या. एक तर अनवाणी.
वैशाली सुरुवातीला पुढे होती. मी कठड्याला धरून नामस्मरण करत होते. मग पोटरी धरून खाली बसली. उठली, परत धावली, लंगडत. मागून सगळ्या निघून गेल्या. शेवटपर्यंत गेली मात्र. वेळेत नाही बसली. थोडक्यात हुकली. थोडक्यात म्हणून जास्त लागतं.
शेजारी बाई होती, मुरबाडकडची. म्हणाली, "ताई, खायला काय देता लेकीला? अंडी देता की न्हाय? नुसत्या वरणभातावर हाडं धावत न्हायत."
आमच्याकडे नाही चालत, म्हटलं. गळ्यातली माळ दाखवली.
येताना वैशाली रिक्षात झोपली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोपेत होती म्हणून.

सोम. २५-२-०८
देवा, हे आधी का नाही...
दुपारी फोन. आवाज ओळखू येईना. मग कळलं, अंजूरची वहिनी. सहा वर्षांत पहिल्यांदा.
"वन्सं, पोरगी बरी हाय ना गं? दीड म्हयना झाला, आली न्हाय. हे रोज बांधावर जाऊन उभे ऱ्हातात. भरतीचा काय झाला?"
मी विचारलं, कुठे आली नाही?
"आमच्याकं. आता आम्ही मागं र्‍हायला गेलो ना, गोडाऊनच्या पाठी. पुढून आली तर गावची लोका तुला सांगतील, म्हणून मागच्या दारानं यायची. दोन अंडी खायची, कधी बोंबील असला तर त्यो. हे मोटरसायकल काढून तिच्या बाजूनं जायचे खाडीच्या बांधावर. तुज्या भावाला उभ्या जन्मात कधी एवढा लवकर उठलेला बगितला न्हवता मी."
बनियन दादाचा.
मी माझ्या भावाच्या मागच्या दारात उभी होते आणि मला ते घर ओळखता आलं नाही. कडी वाजवली असती तर वहिनीच आली असती.
मी फोनवर बरी आहे ती, एवढंच म्हणाले. वहिनी म्हणाली, "तुला सांगितला म्हणून पोरीवर रागावू नको गं."

मंगळ. २६-२-०८
झोप नाही. सगळं परत आठवतंय.
सहा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेचं जेवण, दादाचं जुनं घर. मी नुकतीच माळ घातलेली, अंगात नवा सोवळेपणा. बकऱ्याचं ताट वाढलं. नको म्हणून बाजूला बसता आलं असतं, वहिनीने माझ्यासाठी वेगळं वरण केलं होतं. मी भर पंगतीतून उठले आणि जीवहत्येवर बोलले, पाहुण्यांसमोर. दादा म्हणाला, "माझ्या घरचं ताट ओलांडून चाललीस, परत उंबरा ओलांडू नको." घरी येऊन मी वैशालीचा हात स्वामींच्या तसबिरीवर ठेवला. मामाकडे कधी खाणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. तेव्हा तेरा वर्षांची होती. धर्म म्हणून केलं होतं, की राग म्हणून?

गुरु. ६-३-०८
महाशिवरात्र. उपास.
वैशाली १ तारखेपासून वडप्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात लागली. माल आला-गेला दारात उभं राहून लिहायचा. आज सुट्टी मागून घेतली तिने, म्हणून धीर करून बोलले. वहिनीचा फोन आला होता म्हटलं. दादाकडे जात होतीस तर सांगितलं का नाहीस? शपथ मोडलीस म्हणून भ्यायलीस?
"शपथेला कोण भितं. सांगितलं असतं तर तू अंजूरला जाऊन मामीला बोलली असतीस. तिने काय केलं होतं तुझं?"
खरं आहे. बोलले असते.
"पण मी काय विचार केला माझ्या मनात, तुला माहीत आहे ना?" म्हटलं.
"माहीत आहे. बाबांसमोर बोललीस की."
माफी मागायला मी कुणाला शिकवलं नाही, मलाही येत नाही. साबुदाण्याची वाटी पुढे केली. घेतली तिने. खाल्ली. वाटी धुऊन ठेवली. ह्याचा अर्थ काय लावू?
हे सगळं ऐकून नुसते "अरे रे" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

रवि. १६-३-०८
अंजूरला गेले. पुढच्या दाराने. वहिनीने पाणी दिलं. हात धरून आत नेलं. दादा अंगणात मोटरसायकल पुसत होता. पुसतच राहिला. केस सगळे पांढरे झालेत.
जाताना म्हटलं, "दादा, येते."
खाली बघून म्हणाला, "पोरीचा दम मोठा हाय. पाय कच्चा ऱ्हायला." मग, "चांगली धावत होती."
माझ्याशी बोलला की मोटरसायकलशी, ठाऊक नाही. परत ये म्हणाला नाही. येऊ नको असंही म्हणाला नाही.

सोम. ७-४-०८
काल पाडवा. गुढीजवळ वैशालीचं घड्याळ ठेवलं होतं, चार्जिंग करून. तिने बघितलं. उचललं नाही. "आई, विकून टाक, पैसे तरी येतील." विकू कसं? मास्तरांच्या जावयाने नवीन भरती परत निघेल असं वाचलंय म्हणे. वैशाली म्हणते, "बघू." तिचं वय अजून आहे.

बुध. ९-४-०८
माळ घालणाऱ्या गुरुजींना विचारलं नाही, मीच ठरवलं. चांगलं असो की वाईट, माझ्या माथी.
नाक्यावरच्या दुकानातून अंडी आणली. दुकानदार म्हणाला, "काकू, तुम्ही? पाहुणे आलेत का?" हो म्हटलं. मागच्या गॅलरीत जुना स्टोव्ह पेटवला, पोचा आलेलं पातेलं घेतलं, ते आता वेगळंच ठेवीन. किती वेळ उकडायची तेच आठवेना. एक फुटलं. वास आला तेव्हा माळ पदराखाली झाकली.
वैशाली ड्युटीवर जायला निघाली होती. बशीत दोन ठेवून समोर गेले. बघत राहिली. मला म्हणते कशी, "हे कुणी केलं?"
"मी."
"तू हात लावलास?"
"चमच्याने काढली."
हसली नाही. पण ओठ दाबले, माझा भाऊ दाबतो तसे. म्हणाली, "कशाला आई. आता धावत नाही मी."
म्हटलं, धावत नसशील तरी खा. काम उभ्याचं आहे.
 मग एक उचललं, सोललं नाही, रुमालात बांधून पर्समध्ये टाकलं आणि गेली. खाईल की वाटेत कुत्र्याला घालेल, सांगता येत नाही. विचारणार नाही.
दुसरं अजून बशीत आहे. उद्या दोन उकडू की एकच?