मायक्रोवेव्हमधले दूध

बेळगाव, मंगळवार, सायंकाळ

वकिली सोडली, तरी आज वाद जिंकलो. जिंकायला नको होता. नात दिवस भरण्याच्या महिनाभर आधीच जन्मली. आईचे दूध हेच तिचे संरक्षण, असे डॉक्टर म्हणाले होते. कॉलेजला जाताना सून दूध काढून फ्रिजमध्ये ठेवते. ते मी मायक्रोवेव्हमध्ये तापवतो. तीस सेकंद.

आज सून दुपारी लवकर परतली, तेव्हा तिने ते पाहिले.

"आप्पा, त्यात न्हाय घालायचं! ऊन पाण्यात बाटली धरायची."

"उष्णता ती उष्णताच. गाईचे दूध आपण उकळतोच ना?"

"कोर्टात चाललं असतं हे," म्हणाली आणि नातीला घेऊन आत गेली.

नंतर वाचून पाहिले. मायक्रोवेव्हच्या लहरींनी दूध सगळीकडे सारखे तापत नाही. काही भाग फारच तापतो आणि रोगांशी लढणारी प्रथिने, विकरे तिथे निकामी होतात. बाटली मात्र कोमटच लागते. तीस सेकंदांत एवढे? दूध म्हणजे केवळ पोषण, हे माझे गृहीतक मी तपासलेच नव्हते. नात आज बरी दिसते, पण तो पुरावा नव्हे.

सुनेला वाटत होते, हे आजच घडले. शेवटी मी सांगितले: तीन दिवस, रोज दोनदा.

तिने आधी नातीचे कपाळ चाचपले. मग म्हणाली, "उद्यापास्नं शेजारच्या आक्कांना सांगते बाटली पाजायला."

मी हरकत घेतली नाही.