रस्त्याकडचे आठ गुंठे

मी, बनुबाई कानिफनाथ ठाणगे, वय वर्षे बहात्तर, राहणार ठाणगे मळा, नगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके जागेवर आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक दाखवील असे माणूस आता घरात उरलेले नाही. शाळेत मी गेले नाही, लिहायवाचायला माझी मी शिकले, म्हणून अक्षर मोठे आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या नावे अठ्ठावीस गुंठे जमीन आहे. पतीने हयातीतच बक्षीसपत्राने ती मला दिली. आमचा मळा आता शहराच्या हद्दीत आला आहे. मळ्याकडच्या वीस गुंठ्यांत पतीने तीस वर्षे शेणखत आणि पालापाचोळा घातला. रस्त्याकडचे आठ गुंठे मुलगा अमृत याने भंगारवाल्यांना भाड्याने दिले. तांबे काढायला ते तिथे सात वर्षे वायरी जाळत होते, आणि टायरही.

२. दोन खोल्यांचे घर अमृत आणि सून रेश्मा यांना निम्मे निम्मे. भांडणातही दोघांचा वाटा सारखाच असतो.

३. मळ्याकडचे वीस गुंठे, टिकाव आणि फावडे रेश्माला, एकटीला. अमृतचा त्यावर हक्क नाही. रेश्मा, तू मला गार चहा दिलास आणि पाठीमागे माझी नक्कल केलीस. नक्कल चांगली करतेस. पण सासरे गेल्यावर शेणाची पाटी तूच उचललीस, कोणी सांगितले नव्हते. जमीन विकू नकोस.

४. पुस्तकांची ट्रंक नात धनश्री हिला. धनश्री, आकडा वाचलास की तो कशाचा आहे तेही विचार. मी विचारले नाही.

५. रस्त्याकडचे आठ गुंठे अमृतला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

चार वर्षांपूर्वी एका बिल्डरला दोन्ही तुकडे एकत्र हवे होते. पती म्हणाले, “काळी माती इकत नसत्यात.” तेव्हा त्या काळ्या मातीत एवढे काय आहे ते बघू म्हणून अमृतने दोन्हीकडची माती पिशव्यांत भरून तपासायला नेली. कागद आला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला कस, असे आम्हाला माहीत होते. पतीच्या तुकड्याचा आकडा शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर, रस्त्याकडचा एक पूर्णांक चाळीस.

अमृत हसला. “नाना, तीस वर्सं शेण वाहिलं, अन् टायरवाले तुमच्या म्होरं गेले की!”

पतीला वाचता येत नव्हते. ते मला म्हणाले, “तू वाच गं.”

मी वाचले.

“पुन्ना वाच.”

मी पुन्हा वाचले, मोठ्याने. मला वाचता येते याचा मला फार अभिमान होता.

“म्हंजी मी उगाच राबलो व्हय?”

“कागदावर तर तसंच हाय,” मी म्हणाले.

त्यानंतर ते मळ्यात गेले नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. चौथ्या महिन्यात गेले. त्यांची रक्षा आम्ही त्यांच्या वीस गुंठ्यांत टाकली आणि वर जांभळाचे रोप लावले.

पुढे वर्षभराने एका पुस्तिकेत कर्बाविषयी वाचले आणि मला शंका आली. कागद घेऊन राहुरीला विद्यापीठात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, “आजी, काजळी आणि जळलेलं रबर, हासुद्धा कर्बच. तपासणीत तोही धरला जातो. पण मातीतल्या जिवांना तो खाता येत नाही.”

“म्हंजी आकडा खोटा?”

“आकडा खरा आहे. पण ती माती उपाशी आहे.”

जिवंत मातीचे ढेकूळ पाण्यात लवकर फुटत नाही, असेही बाईंनी सांगितले होते. घरी येऊन दोन्हीकडची ढेकळे दोन ग्लासांत पाण्यात सोडली. रस्त्याकडचे बघता बघता विरघळले आणि वर तेलाचा तवंग आला. पतीचे ढेकूळ संध्याकाळपर्यंत तसेच होते. ते बघायला पती नव्हते.

अमृत, तू कपटी नाहीस, तेवढी अक्कल तुला नाही. आकड्याचा अर्थ तुलाही कळत नव्हता. पण बापाचे तोंड तुला दिसत होते, आणि तू हसलास. कागदाप्रमाणे जास्त कसाची जमीन तुला देत आहे. माझ्या वर्षश्राद्धाला तिथे पिकवलेल्या मेथीची भाजी करावी आणि पहिला घास तू खावास. धनश्रीला ती वाढू नये.

वकील वरद यांनी याचा कच्चा कागद वाचून मला सांगितले, “आजी, ही अट कोर्टात टिकायची नाही.”

“नाही टिकली तर नाही. त्याने वाचली म्हणजे झालं.”

“आणि एवढी हकिकत मृत्युपत्रात लिहीत नाहीत.”

“मग कुठं लिहू, दुधाच्या डायरीत?”

६. माझी रक्षा पतीच्या जांभळाखाली टाकू नये. रेश्मा रडली तरी टाकू नये. अमृत हसला, पण कागद मी वाचला, आणि शेवटचे वाक्य माझे होते. माझी रक्षा रस्त्याकडच्या आठ गुंठ्यांत टाकावी. सरणाचा कोळसाही वेचून तिथेच टाकावा. कर्ब आणखी वाढेल. कागदावर चांगला दिसेल.

हे सर्व मी दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवले व त्यांच्यादेखत सही केली. अंगठा नाही.

बनुबाई कानिफनाथ ठाणगे

साक्षीदार:
१. रामहरी सखाराम ठाणगे (सही)
२. पुंजाराम लहानू वाघ (सही)

स्थळ: नगर, आता कागदोपत्री अहिल्यानगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५