योआखिमच्या दगडांना पॉलिश करू नये

मी, डॉ. कौमुदी योआखिम ब्रेंडेल, माहेरची कौमुदी साठये, वय त्रेसष्ट, व्यवसाय भूलतज्ज्ञ, मूळ गाव सांगली, सध्या राहणार खमीस मुशैत, सौदी अरेबिया, हे इच्छापत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माणसांना झोपवणं आणि उठवणं हाच माझा धंदा असल्याने पूर्ण शुद्ध म्हणजे काय ते मला नीट कळतं. मी शुद्धीवर आहे. फक्त मला किळस आलेली आहे, आणि किळस येणं हे कोणत्याही कायद्याने वेडात मोडत नाही.

येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्यातून उठले तर हा कागद कपाटात राहील. न उठल्यास माझी मैत्रीण, इथली बालरोगतज्ज्ञ डॉ. आसावरी नाडकर्णी हिने तो अंमलात आणावा. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं योआखिमला दिलेलं होतं आणि योआखिम आता नाही.

१. सांगलीचा विश्रामबागेतला फ्लॅट माझी वहिनी वासंती हिला, तिच्या एकटीच्या नावावर द्यावा. माझा भाऊ उमाकांत याचं नाव त्या कागदावर कुठेही लागता कामा नये. लग्नाचं कळवलं तेव्हा दादा फोनवर म्हणाला होता, "एवढं शिकून शेवटी पाथरवटाच्या घरी?" मी योआखिमला अर्थ सांगितला. तो खूश झाला. "बरोबर बोलला तुझा भाऊ," म्हणाला. त्यानंतर दादाने त्याचं नाव कधी घेतलं नाही. वहिनी मात्र दरवर्षी गोडा मसाला पाठवायची आणि विचारायची, "भावोजींना तिखट सोसतं ना?" योआखिम गेल्यावर दादाने ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान दिलं, विषय 'माझे जर्मन मेहुणे: एक पाषाणयोगी'. शाल पांघरलेला फोटो मला व्हॉट्सॲपवर आला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

२. आता दगडांबद्दल. योआखिम ब्रेंडेल हा माझा नवरा, शिल्पकार, जर्मनीच्या ग्रॅनाइटच्या डोंगराळ मुलखातला. इथल्या एका चौकासाठी काम करायला आला आणि कपची उडून डोळ्यात गेली म्हणून आमच्या इस्पितळात दाखल झाला. मी भूल द्यायला गेले तर म्हणाला, "कमी द्या. मला तो दगड परत बघायचा आहे." डोळा वाचला. डोंगरातला करडा दगड त्याला इतका आवडला, की परत जायचं सोडून त्याने इथल्या दगड कापण्याच्या कारखान्याच्या मालकाला कफील, म्हणजे परदेशी माणसाला इथे राहण्यासाठी लागणारा जामीनदार, केलं, आवारातली एक शेड घेतली आणि तिथेच राहिला. पुढे सुट्टीत आम्ही त्याच्या गावी जाऊन लग्न नोंदवलं.

तो दगड घडवायचा म्हणजे फार थोडं करायचा. एखादी कड उघडी करायची, एखादी खाच खोल न्यायची, बाकीचा डोंगर तसाच ठेवायचा. खडबडीत पृष्ठभागाला तो दगडाची कातडी म्हणायचा. पॉलिशला तो जे म्हणायचा ते मृत्युपत्रात लिहिण्याजोगं नाही.

त्याचं सर्वांत मोठं काम 'उतार'. सात शिळा अशा मांडलेल्या, की पाऊस आला की पाणी एकीवरून दुसरीवर जाईल आणि कोरडं असताना ते कुठून गेलं असेल हे डोळ्यांना दिसेल. शेजारच्या अब्हा शहराच्या वाटेवरच्या एका हॉटेलाने ते विकत घेतलं. वर्षभराने आम्ही दोघं तिथे जेवायला गेलो. सातही शिळा स्वयंपाकघराच्या ओट्यासारख्या चकचकीत केलेल्या होत्या, खालून निळे दिवे सोडले होते आणि पंपाने कारंजं उडत होतं. मॅनेजर हात पुढे करून आला. "सर, आता गेस्ट लोक फोटो काढतात. पूर्वी विचारायचे, काम अर्धवट राहिलंय का?"

योआखिमने गाडीतून छिन्नी आणि हातोडा आणला, गुडघ्यावर बसला आणि शेवटच्या शिळेच्या पोटाशी कोरलेलं स्वतःचं नाव त्याने उडवून टाकलं. लग्नाची वरात आत येत होती. मॅनेजर "खलास, पुरे, सर, प्लीज" करत राहिला. जेवण तसंच राहिलं.

योआखिम गेल्याचं कळताच त्याच हॉटेलाने तिथे पितळी पाटी लावली: 'जगप्रसिद्ध दिवंगत शिल्पकार ब्रेंडेल यांची कलाकृती'. सबब मी जाहीर करते, की ते काम त्याचं नाही. ती पाटी उतरेपर्यंत आसावरीने त्यांचा पिच्छा सोडू नये. तिचा स्वभाव पाहता हे तिला जमेल.

३. माझा भाचा सत्यजित, रियाधला बँकेत असतो, त्याला काही नाही. भेटायला आला तेव्हा खजूर खात म्हणाला, "आत्या, रागावू नकोस, पण आर्टिस्ट गेला की मार्केट वर जातं. आपण फाउंडेशन काढू. शेडमधले सगळे दगड नीट फिनिश करून घेऊ." मी विचारलं, "फिनिश म्हणजे?" तो म्हणाला, "शाइन, आत्या." त्याच्या ताटलीतल्या बिया मी उचलल्या आणि दार उघडलं.

४. शेडमधले तयार दगड कोणालाही विकू नयेत. ज्या डोंगरातून आणले तिथे कफीलची जमीन आहे. तिथे नेऊन उघड्यावर ठेवावेत. त्याने तशी कबुली मला दोन साक्षीदारांसमोर दिली आहे.

राहिला शेवटचा, अर्धवट दगड. योआखिमने मला बजावून ठेवलं होतं, "फोड आणि रस्त्यात घाल." मी ते करणार नाही. तो दगड व सर्व हत्यारं मी कफीलची मुलगी आमिना हिला देते. आमिना स्वतः शिल्पं करते, रियाधला शिकली आहे, आणि योआखिमचं काम तिला पटत नसे. तोंडावर सांगायची, "अंकल, तुम्ही दगडाला घाबरता. म्हणून थोडंसंच करता." तो चिडून जर्मनमध्ये ओरडायचा, मग दुसऱ्या दिवशी विचारायचा, आमिना आली का. त्याच्या आजारपणात सगळे त्याला महान म्हणायला येत होते. ती एकटी येऊन म्हणाली, "ती डावी खाच चुकली आहे." तो उशीवरून म्हणाला, "माहीत आहे." तिने त्या दगडाचं काय हवं ते करावं. मला दाखवू नये, हे सांगण्याची आता गरज नाही.

५. जर्मनीतली कबर. योआखिमचा बाप थडग्यांचे दगड घडवायचा. युद्धापूर्वी त्याने छाती फुगवलेले शिपाई कोरले, युद्धानंतर त्याच छिन्नीने रडणाऱ्या आया. योआखिम म्हणायचा, दोघांचे चेहरे सारखेच होते, फक्त हेल्मेटच्या जागी ओढणी. म्हणून त्याने जन्मात एक चेहरा कोरला नाही. त्याला त्याच्या गावी नेलं ते मी, पण दगड निवडला त्याच्या भाच्याने. सहा महिन्यांनी पाहायला गेले. काळा, आरशासारखा, यंत्राने कापलेला, भारतातून जहाजाने गेलेला ग्रॅनाइट; आणि त्यावर लेझरने काढलेला योआखिमचा हसरा फोटो. भाचा म्हणाला, "सुंदर आहे ना?" मी झाडामागे जाऊन ओकले. तिथे जागा ठरावीक मुदतीपुरती मिळते आणि मुदत सरली की दगड उचलून नेतात. माझ्या पैशातून ती मुदत एका दिवसानेही वाढवू नये.

६. माझं दहन जिथे सोपं पडेल तिथे करावं. दादाने भाषण करू नये.

७. उरलेली सर्व शिल्लक कारखान्यातल्या दगड कापणाऱ्या कामगारांच्या छातीच्या तपासणीसाठी आहे. योआखिम धुळीने मेला. मी मास्कचे खोके आणायची, तो त्यांत खिळे ठेवायचा. "मास्क लावला की दगड ऐकू येत नाही," म्हणायचा. कापण्याआधी तो दगडावर हातोडी टेकवून आवाज घ्यायचा; आत भेग असेल तर आवाज बसका येतो. शेवटच्या वर्षी मी त्याला खुर्चीवर उलटा बसवला आणि पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकत खाली आले. खालचा आवाज बसका होता. त्यालाही तो ऐकू गेला.

"चिरलाय?" त्याने विचारलं.

"हो."

"दोन्ही बाजूंनी?"

"हो, योआखिम."

तो म्हणाला, "कारखान्यातल्या इतरांचंही ठोकून बघ." मी कारखान्यात गेले. सगळ्यांची नाही, पण पुष्कळांची पाठ तशीच वाजली. कोणी नेपाळचा, कोणी बिहारचा, कोणी येमेनचा. मालक म्हणाला, "डॉक्टर, यांना सांगू नका, घाबरून गावी पळतील." त्या वाक्याइतकं घाणेरडं मी या सबंध कागदात काही लिहिलेलं नाही, आणि तो माणूस माझ्याशी एरवी नेहमी चांगला वागला.

तेव्हा आसावरीने दरवर्षी तपासणी करवावी. धूळ बसावी म्हणून मशीनवर पाणी सोडायची सोय झाली नाही तर कामगार खात्यात तक्रार करावी, कफील माझा स्नेही होता हे न पाहता. आणि प्रत्येकाचा एक्स-रे त्याच्याच हातात द्यावा, त्याच्या भाषेत समजावून. मालकाच्या हातात देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यातला एकही शब्द सौम्य करायचं नाकारून सही करते.

(सही) डॉ. कौमुदी योआखिम ब्रेंडेल

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना, सही केली:

१. (सही) डॉ. शर्विल देवस्थळी, भूलतज्ज्ञ
२. (सही) विनय कारखानीस, औषधनिर्माता

ठिकाण: खमीस मुशैत
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४