परवच्यातली एक ओळ

इंदूर, बडा गणपती
ता. १४ फेब्रुवारी १९६१

चि. सरोजिनी हिस गंगूबाईचे अनेक आशीर्वाद.

येथे खुशाली. मंजिरीचा खोकला गेला, पुढचा दात पडला. सांवेरला थंडी जास्त असेल, शाळेत शिकवायला जाताना कान बांधत जा. कोर्टात समोर उभी राहणाऱ्या सासूचं पत्र बघून तू चमकशील. चमक, पण फाडू नकोस.

काल बाजारात गराडूचे कंद दिसले आणि तुझी या घरातली पहिली थंडी आठवली. तू साताऱ्याची, तुला काय ठाऊक! कच्चे गराडू भसाभस सोललेस आणि कोपरापर्यंत हात खाजवत बसलीस. "अगं बाई, हाताला तेल तरी लावायचं!" म्हणून मी ओरडले, आणि मग मीच तुझे हात चोळत बसले. दिवाकर दारात उभा राहून पोट धरून हसत होता. काय ते दिवस होते गं! मंजिरी हसली की माझा दिवाकरच हसतो. म्हणून तर तिला सोडवत नव्हतं.

तो गेला आणि तू सांवेरला मास्तरीण झालीस. घर मिळेपर्यंत पोर माझ्याकडे राहू दे, असं मीच म्हटलं होतं. घर मिळालं, तू न्यायला आलीस, आणि मी दार उघडलं नाही. दोनदा. तू कोर्टात गेलीस ते काही चुकलं नाही.

आमचे वकील बाबूरावजी पहिल्याच दिवशी बोलले, "काकू, बापाच्या मागे कायद्याने हक्क आईचा. आजीचा हक्क कागदावर कुठे नाही. पण जजसाहेब मुलीचं भलं बघतात, तिला विचारतील." बस, तेवढंच मी धरून बसले.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. दिवेलागणीला मंजिरी परवचा म्हणते, शुभंकरोति, मग पाढे. महिनाभर मी त्यात आणखी एक ओळ घातली. जजसाहेब हिंदीवाले, म्हणून हिंदीत. "माँ मारती है, मुझे दादी के पास रहना है." अगं, पोरीने जन्मात मला दादी म्हटलं नाही! त्यांच्या खोलीत तिने ते हात जोडून, डोळे मिटून, एका दमात म्हटलं. तू बाहेर बाकावर रडत होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. मी जिंकले होते ना!

कोर्टातली ती पेशी होऊन गेली, तरी पोर रोज ती ओळ म्हणतच होती. परवा पाढे अर्ध्यात सोडून मला विचारते, "आजी, आई मला कशाने मारायची? मला आठवतच नाही गं."

तू तिच्यावर कधी हात उगारला नाहीस. धपाटे मी द्यायची आणि तू तिला पदराखाली घ्यायचीस. आठ वर्षांच्या पोरीच्या मनातली आई मी पुसत होते, रोज देवासमोर बसवून.

मी तिला खरं सांगितलं. पोर बाहुली उचलून माजघरात गेली, जेवायला माझ्याशेजारी बसली नाही. दोन दिवस बोलत नाही. बरोबरच आहे तिचं.

सोमवारी पेशी आहे. मी स्वतः जजसाहेबांना सगळं सांगणार. बाबूरावजी म्हणाले, "काकू, केस हातची जाईल." म्हटलं, जाऊ द्या. तिचे कपडे बांधून ठेवलेत, स्वेटर वरच ठेवलाय.

आता पदर पसरून एकच मागते. तिला भेटायला आणशील, न आणशील, तुझी मर्जी. पण मोठी झाल्यावर ती विचारेल, आजी कशी होती? तेव्हा माझी लाज राखायला काही लपवू नकोस. मी केलं ते सगळं सांग. फक्त हेही सांग, की आजीचा तिच्यावर फार जीव होता. एवढं मात्र मी तिला पढवलेलं नाही.

तुझी अपराधी,
गंगूबाई