नदीच्या अंथरुणात घर

ओटेंग, आशीर्वाद राहू देत बाजूला! स्टेशनापासून टेकडीपर्यंत एवढं रान मोकळं असताना तुला घर बांधायला नदीचं पात्रच सापडलं? वर कळवतोस, "ताई, नदी मेली."

मेली कुठली, वाळूखाली निजलीय. गुरं पाजायला आपण तिथेच खड्डा उकरायचो. आई तुंब्याने पाणी काढायची, काय गोड लागायचं! इथे जोहान्सबर्गला घरात नळ आहे, पण तहान भागत नाही. मालकीण बरी आहे, गुडघेही बरे म्हणायचे.

तू जन्मायच्या आधी ती नदी उठली आणि मामाचा गोठा गुरांसकट घेऊन गेली. तुझ्या बोइपेलोला सातवा महिना लागला ना? जेवते का नीट? तिला त्या वाळूत निजवू नकोस.

पाया टेकडीवर घे. शनिवारच्या आत "घेतो" असं लिही, नाहीतर कुदळ घेऊन मीच येते.

तुझी थोरली,
बोन्त्ले